घरी बांधलेली होडी गळते: सांध्यांत काय भरायचं, काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आचऱ्याच्या खाडीकाठी, घरच्याच अंगणात सोळा फुटी होडी बांधली. फळ्या पाटफणसाच्या, २० मिलिमीटर जाड, काठाला काठ लावून दोन्ही अंगांना सहा-सहा. वांक, म्हणजे आतल्या आडव्या फासळ्या, किंजळीच्या, खिळे गॅल्वनाइज्ड. काम फेब्रुवारीत संपलं, मग दोन महिने होडी मांडवाखाली कोरडी उभी राहिली. सांध्यांत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल यांचा लगदा भरला होता. एप्रिलअखेर पाण्यात घातली तर तासाला आठ बादल्या पाणी आत येतंय. आता दुकानदार म्हणतो एम-सील भरा, शेजारचे म्हणतात डांबर फासा आणि मेव्हणे म्हणतात बाहेरून सरळ फायबर मारून टाका. तिन्हींत चांगलं कोणतं?

तुमच्या होडीसाठी तिन्ही नकोत. तिन्ही सल्ले एकच गोष्ट धरून चालतात: होडीला भोकं आहेत आणि ती बुजवायची आहेत. फळ्यांच्या होडीत पाणी अडवतं ते मुख्यतः लाकूडच. ते फुगतं आणि एक फळी दुसरीला दाबते. सांध्यात ठोकून भरतात तो कापूस त्या दाबाला टेकू देतो. वरची पुट्टी कापसाचं पांघरूण आहे, त्यापलीकडे तिचं काम नाही. हा क्रम ध्यानात आला की कुठला माल घ्यायचा हे ओघानंच कळतं.

तरीही काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पहिली म्हणजे होडी बहुतेक काळ पाण्यात बांधून ठेवणार की दर वेळी ओढून वर घेणार? रोज पाण्यात राहणाऱ्या होडीचं लाकूड फुगलेलं राहतं. महिन्यातून दोनदा पाणी बघणाऱ्या होडीच्या फटी पुन्हा पुन्हा उघडतात. तिच्यासाठी थोडा वेगळा माल लागतो, तो पुढे सांगतो. दुसरी गोष्ट फळ्या कशा चिरल्या आहेत ती. टोकाकडून बघितल्यावर वर्षवलयं फळीच्या रुंदीला समांतर दिसत असतील तर ती फळी जास्त हलते, म्हणजे फुगते-आकसते, उभी दिसत असतील तर जवळपास निम्मीच. तिसरी गोष्ट, हे सगळं फळ्यांच्या होडीबद्दल आहे. प्लायवूडची किंवा पातळ पट्ट्या गोंदानं चिकटवलेली होडी असती तर उत्तर बरोबर उलटं झालं असतं. तिथे इपॉक्सी आणि काचकापड हेच योग्य.

आता लाकूड किती हलतं ते आकड्यांत बघा. सागासारखं कमी हलणारं लाकूड धरलं तरी आडव्या चिरेची, म्हणजे वलयं रुंदीला समांतर असलेली फळी ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.२ टक्के फुगते. तुमची फळी १५० मिलिमीटर रुंद असेल आणि मांडवाखाली तिचा ओलावा १३ टक्क्यांवर आला असेल, तर पाण्यात तो २३ वर जाईपर्यंत ती ३ मिलिमीटर रुंद होऊ पाहते. एका बाजूच्या सहा फळ्यांचे झाले १८. लांबीत मात्र लाकूड जवळपास हलत नाही. म्हणूनच लांब सांधे आपले आपण मिटतात आणि फळ्यांच्या टोकांचे जोड मिटत नाहीत. हे १८ मिलिमीटर कुठे जातात? थोडे फटी मिटवण्यात, बाकीचे फळ्यांच्या काठांवर दाब म्हणून. सांध्यात दगडासारखं कडक काही भरलेलं असेल तर तो दाब वांकांवर आणि खिळ्यांवर जातो. मग एक दिवस वांक तडकलेला दिसतो आणि माणूस म्हणतो लाकूडच खराब निघालं.

त्यामुळे पहिलं काम भुसा-फेविकॉल काढायचं. साधा फेविकॉल पाण्यात राहण्यासाठी नाहीच. तो मऊ पडून पांढरा लगदा होतो आणि त्याच्या मागे भरलेलं काहीही धरत नाही. जुन्या करवतीच्या पात्याचं टोक आकडीसारखं वाकवून घासून घ्या आणि त्यानं सांधा खरवडा. ग्राइंडर लावू नका, एका झटक्यात काठ खाल्ला जातो.

पण थांबा, खरवडण्याच्या आधी एक हिशेब करू. तुमची बादली १५ लिटरची धरली तर आठ बादल्या म्हणजे मिनिटाला दोन लिटर. पाण्याखाली फूटभर खोल असलेल्या पाच-सहा मिलिमीटरच्या एकाच भोकातून एवढं पाणी सहज येतं. म्हणजे तुमचे ६० मीटर सांधे निर्दोष असून एक चुकलेला खिळा किंवा एक सुटलेली गाठ हा सगळा प्रताप करू शकते. म्हणून आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. होडी वर घ्या, आतून कोरडी पुसा, बाहेरूनही सुकू द्या. मग आत चार बोटं पाणी ओता आणि बाहेरून कुठे घाम फुटतो, कुठे धार लागते तिथे कोळशानं खुणा करा. चार बोटांपेक्षा जास्त पाणी घालू नका. एवढ्या होडीत वीतभर पाण्याचं वजन कित्येकशे किलो होतं, आणि खालून पाण्याचा आधार नसताना ते सगळं खिळ्यांवर लोंबतं. वरच्या सांध्यांसाठी अंधार पडल्यावर आत दिवा लावा आणि बाहेरून हिंडून बघा.

नवशिक्याच्या होडीत चार जागा हमखास गळतात. त्यांतल्या तीन ठिकाणी कापूस भरून काही होत नाही.

पठाण, म्हणजे तळाचा कणा, जिथे नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, उभ्या लाकडाला जोडला आहे तिथला तिरपा जोड ही पहिली जागा. बाहेरचा सांधा कितीही भरा, पाणी त्या जोडाच्या पोटातून सरपटत फळीच्या मागे जातं आणि आत उतरतं. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. पठाणाच्या ज्या खाचेत पहिली फळी बसते, त्या खाचेची रेघ आणि हा जोड जिथे एकमेकांना छेदतात, बरोबर तिथे आरपार १० मिलिमीटरचं भोक पाडायचं. भोकाचं निम्मं अंग जोडाच्या एका लाकडात, निम्मं दुसऱ्यात आलं पाहिजे. त्यात देवदाराची किंवा पाईनची कोरडी, नीट गोल खुंटी घट्ट ठोकायची आणि दोन्हीकडे सपाट कापायची. तिला गोंद नाही, रंग नाही. पाणी लागलं की ती फुगते आणि ती वाट कायमची बंद होते. ही खुंटी खरं तर फळी बसवण्याच्या आधी मारतात. आता खालच्या फळीचं टोक सोडवावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण धार तिथूनच येत असेल तर दुसरा इलाज नाही.

दुसरी जागा बोल्ट आणि मोठे खिळे. माथ्याखाली कापसाचा दोरा दोन-तीन वेढे गुंडाळून, पुट्टीत माखून, मग आवळायला हवा होता. तसं केलं नसेल तर गळणारे तेवढे बोल्ट काढा आणि करा. तिथे स्टेनलेस घालायचा मोह आवरा. ओल्या लाकडाच्या पोटात हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय स्टेनलेस आतल्या आत खड्डे पडून खातं. माथा चकचकीत राहतो आणि दांडा गेलेला असतो. गरम जस्तात बुडवलेले खिळे-बोल्ट इथे बरे.

तिसरी जागा गाठी आणि चिरा. सुटी गाठ ठोकून काढा आणि त्याच लाकडाची खुंटी इपॉक्सीत बसवा. इथे इपॉक्सी चालतं, कारण खुंटी आणि फळी एकत्रच हलतात.

चौथी जागा फळ्यांच्या टोकांचे जोड. तिथे कापूस लागतोच, पण हा जोड फुगून मिटत नसल्यामुळे कापसावरच सगळी भिस्त असते. जोडाच्या आतल्या अंगाला लाकडाचा ठोकळा आहे ना, तो दोन्ही फळ्यांना चिकटून बसलाय का ते बघा. मध्ये पातं शिरत असेल तर आधी ठोकळा पुन्हा बसवा.

एवढं झालं की सांध्यांकडे या. सांध्याचा आकार हा निम्मा प्रश्न आहे. फळ्यांचे काठ आतल्या बाजूला एकमेकांना टेकलेले हवेत आणि बाहेरच्या बाजूला पाचरीसारखे उघडे. २० मिलिमीटरच्या फळीत आतले ७ मिलिमीटर लाकडाला लाकूड, बाहेरचे १३ मिलिमीटर उघडे, आणि तोंडाशी फट दीड ते दोन मिलिमीटर. लोखंड कापायच्या करवतीचं पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं, ते मापाला घ्या. आतून ते पातं सांध्यात शिरता कामा नये. एखाद्या ठिकाणी शिरलं तर चालतं, कापूस तरीही अडतो. तिथे तीन पाती एकत्र शिरत असतील तर कापूस आत निघून जाईल. अशा जागी त्याच लाकडाची पाचरीच्या आकाराची पट्टी तासून बसवा आणि तिला फक्त एका काठाला गोंद लावा. दोन्ही काठांना लावला तर दोन फळ्यांची एक फळी झाली, आणि ती पुढच्या उन्हाळ्यात भलतीकडे चिरेल. उलट, सांधा बाहेरून अगदी बंद असेल तर आकडीनं किंवा पातळ पटाशीनं तोंड उघडून घ्या. फटच नसेल तर कापूस बसणार कुठे?

आता कापूस. सरकी काढलेला, लांब धाग्याचा, न कातलेला कापूस घ्या, पेळू मिळाले तर उत्तम. गादीतला जुना कापूस नको, त्याचे धागे तुटून भुगा झालेला असतो. औषधाच्या दुकानातलाही नको. त्याचं नैसर्गिक मेण काढून टाकलेलं असतं, त्यामुळे तो पाणी अडवायच्या ऐवजी शोषतो. जाळ्याचा नायलॉन किंवा प्लास्टिकची सुतळी तर मुळीच नको, ती फुगत नाही. काथ्या वाईट नाही. जाड फळ्यांच्या आणि शिवलेल्या होड्यांत तो शतकानुशतकं वापरला गेला आहे, आणि गोव्यात काथ्यानं शिवून बांधलेली 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली तीही त्याच परंपरेतली. पण २० मिलिमीटरच्या फळीच्या दोन मिलिमीटरच्या फटीत काथ्या जाडाभरडा पडतो. तुमच्या मापाला कापूसच बरा.

माप असं: बाजूला सहा सांधे, दोन बाजूंचे बारा, प्रत्येकी पाच मीटरच्या आसपास, शिवाय टोकांचे जोड. म्हणजे ६० ते ६५ मीटर. मीटरला चार-पाच ग्रॅम कापूस लागतो. वाया जाणारा धरून अर्धा किलो आणून ठेवा.

हत्यारं दोनच. एक ५० मिलिमीटर रुंदीची बोथट छिन्नी, धार दीड मिलिमीटर जाड आणि तिचे कोपरे गोल केलेले. जुनी पटाशी घासून ती घरी होते. आणि अर्धा-पाऊण किलोची लाकडी मोगरी. लोखंडी हातोडा नको. हाताला अंदाज लागत नाही आणि कापूस कापला जातो.

कापसाची सैल पिळाची वात वळा, सहाएक मिलिमीटर जाड. ती सांध्यावर सरळ ताणून दाबायची नाही. दर तीन-चार सेंटिमीटरला छिन्नीनं टोचून आत अडकवायची आणि दोन टोचांच्या मध्ये छोटं वेटोळं सोडायचं. फट रुंद असेल तिथे वेटोळं मोठं, अरुंद असेल तिथे जवळपास नाहीच. अशा तऱ्हेनं जाडी फटीप्रमाणे कमी-जास्त होते, वात बदलावी लागत नाही. पहिल्या फेरीत मीटर-दीड मीटर नुसतं अडकवून घ्या. दुसऱ्या फेरीत छिन्नी सांध्यात उभी धरून कापूस सारख्या जोरानं खाली बसवा. कापूस पृष्ठभागापासून ६ मिलिमीटर खाली, दाबून घट्ट दोरीसारखा झालेला दिसला पाहिजे. आवाजाकडे कान द्या. सुरुवातीला मोगरीचा आवाज भद येतो, कापूस भरत आला की कोरडा आणि टणक होतो. तो बदलला की थांबा.

नवशिका इथेच घसरतो. कापूस म्हटल्यावर जितका जाईल तितका ठोकायचा असं त्याला वाटतं. होतं काय की कापूस आतून बाहेर निघतो किंवा फळी वांकापासून उचलली जाते. पुढे लाकूड फुगायला जागाच उरत नाही. कोरड्या होडीत कापूस मध्यम ठोकायचा, बाकीचं दाबायचं काम पाण्यावर सोपवायचं. सुरुवात टोकांच्या जोडांपासून करा, मग लांब सांधे. एका बाजूचे सगळे संपवून दुसरीकडे जाऊ नका. उजवीकडचा एक, डावीकडचा एक असं चालू द्या, म्हणजे ताण एका अंगाला साठत नाही. पठाणाला लागून असलेला सांधा सावकाश करा. तिथे छिन्नीचा कोन चुकला तर खाचेचा काठ उडतो आणि तो काठ परत येत नाही.

कापूस बसला की त्यावर पातळ केलेला तेलरंग अरुंद कुंचल्यानं पाजा. कापूसही भिजला पाहिजे आणि वरचे लाकडाचे काठही. हे टाळलं तर कोरडा कापूस आणि कोरडं लाकूड पुट्टीतलं तेल ओढून घेतं, आणि पुट्टी महिन्याभरात खडूसारखी भुसभुशीत होते. पूर्वी या कामाला जवसाच्या तेलात शेंदूर घालत. शेंदूर म्हणजे शिसं, धरतो छान पण विषारी आहे. नवीन होडीत त्याची गरज नाही, साधा रेड ऑक्साईड चालतो. कुणाची जुनी होडी खरवडायचा प्रसंग आला तर मात्र नाकाला फडकं नव्हे, खरा मास्क लावा.

पुट्टी घरीच करा, दुकानातली भिंतीची पुट्टी पाण्याखाली टिकत नाही. दीड किलो खडूच्या बारीक भुकटीला साधारण २७५ ते ३०० मिलिलिटर उकळलेलं जवसाचं तेल लागतं. तेल एकदम ओतू नका, कणकेसारखं थोडं थोडं घालत मळा. शेवटी लिंबाएवढं मेण तेलात वितळवून घाला. मेणामुळे ती वर्षानुवर्षं पूर्ण कडक होत नाही, आणि आपल्याला तेच हवंय. गोळा दाबला तर कडेला चिरा पडू नयेत आणि बोटाला चिकटूही नये. चिरा पडल्या तर तेल कमी, चिकटली तर भुकटी कमी. प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मळा. भरताना सुरी सांध्याला आडवी धरून दाबत न्या, म्हणजे खाली हवा राहत नाही. शेवटचा हात असा फिरवा की पुट्टी पृष्ठभागाच्या किंचित खाली, खोलगट राहील. आज ती सपाट दिसेल अशी भरली तर होडी फुगल्यावर फुगवटा बाहेर येईल आणि रंग फुटेल. तेलात माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपली आपण पेट घेतात. पाण्यात भिजवा नाहीतर उन्हात पसरून सुकवा.

राळ आणि तेल कढवून भरायची पद्धतही चांगली आहे, पण तिचा कढ हाताला कळायला लागतो. कमी तापली तर चिकट राहते, जास्त तापली तर काचेसारखी तडकते, आणि भांडं पेटायची भीती वेगळीच. पहिल्या होडीला तो उपद्व्याप नको.

काजूच्या टरफलाचं तेल मात्र घ्या. कोकणात ते हाताशी आहे. लाकूड मुरवायला त्याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही मला माहीत नाही. त्यातल्या फिनॉलसारख्या जाळणाऱ्या द्रव्यांमुळे बुरशी आणि कीड दोन्ही बिचकतात. टर्पेंटाइननं पातळ करून, आतून-बाहेरून, दोन-तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या, ते सावकाश वाळतं. जाड थर दिला तर वर साय धरते आणि खाली चिकट राहतं. अंगावर उडालं तर कातडी भाजून निघते, म्हणून रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा. हे हात सांधे भरायच्या आधी, फळीच्या तोंडावर देऊन घ्या. सांध्याच्या आतल्या काठांना लावू नका, तिथे पुट्टी धरणार नाही.

आता तिन्ही सल्ल्यांबद्दल. एम-सील आपल्या जागी चांगलं आहे, नळाच्या चुडीला आणि टाकीच्या तड्याला. सांध्यात ते दगड होतं. त्याचं काय होतं ते वर आलंच आहे. रस्त्याचं डांबर उन्हात मऊ होऊन ओघळतं, त्यावर तेलरंग दिला तर तपकिरी डाग वर येतात. पुढे कधी पुट्टी किंवा रंग नीट करायचा म्हटलं तर ते लाकडात मुरलेलं असतं. होडीच्या आत डांबर फासणं तर सगळ्यांत वाईट. त्याखाली पावसाचं पाणी अडकतं आणि फळी आतून कुजते.

फायबरबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण मेव्हण्यांचा सल्ला वरवर पटण्यासारखा आहे. बाजारात फायबरवाले वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. ते लाकडाला मनापासून चिकटत नाही. त्यातून तुमच्या फळ्या सुट्या सुट्या हलणाऱ्या. प्रत्येक सांध्यावर कवच ताणलं जातं आणि केसासारखी चीर पडते. चिरेतून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही. बाहेरून होडी गुळगुळीत, आत लाकूड ओलं ते ओलंच. दोन-तीन वर्षांत फळीत बोट घातलं तर आरपार. इपॉक्सी घेतलं तर चिकटेल बरं, पण त्यासाठी लाकूड १२ टक्क्यांच्या आत सुकलेलं लागतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असते तेव्हा उघड्यावरचं लाकूड आपोआप १८ टक्क्यांवर जाऊन बसतं. कोकणात १२ टक्के वर्षभर टिकवायचे तर आतून-बाहेरून सगळंच कोंडावं लागेल. जुनी, खिळे सैल झालेली होडी आणखी चार वर्षं ढकलायची असेल तर फायबर चालतं. तुमची नवी आहे, तिला आत्ताच शेवटच्या आजाराचं औषध कशाला?

होडी बहुतेक काळ जमिनीवर राहणार असेल तर थोडा बदल करा. कापूस तसाच, पण पुट्टीऐवजी बोटींसाठी मिळणारं पॉलियुरेथेन सीलंट भरा. ३०० मिलिलिटरची नळी साधारण २५ मीटरला पुरते, म्हणजे तुम्हाला तीन लागतील. लाकूड कोरडं हवं आणि कंपनी सांगते तो प्रायमर काठांना लावायचाच. कापसावर मात्र आधी मेणाचा पातळ हात फिरवा, म्हणजे सीलंट फक्त दोन काठांना धरेल, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर ते ताणलं जाऊ शकत नाही, एका काठापासून सुटतं. 'सीलंट' आणि 'ॲडहेसिव्ह सीलंट' यांत गल्लत करू नका. दुसरं इतकं घट्ट धरतं की पुढे फळी काढताना लाकूडच फाटून येतं. सिलिकोन तर घरातही आणू नका. एकदा लाकडाला लागलं की त्यावर रंगही बसत नाही.

रंगाचं थोडक्यात: प्रायमर, मग पाण्याखाली कालवं आणि शेवाळ धरू नये म्हणून तांबं असलेला रंग. गॅल्वनाइज्ड खिळ्यांची माथी आधी पुट्टी आणि प्रायमरनं पूर्ण झाका, नाहीतर तांबं जस्ताला खातं. लाकूड कोरणारा समुद्री किडा सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आत लांबच लांब बोगदा करतो. होडी वर घेतली की भोकाचं तोंड आतून बंद करून कित्येक दिवस जिवंत राहतो. म्हणजे नंतर वाळवण्यापेक्षा आधीच रंगात खाडा न ठेवणं महत्त्वाचं. पठाणाच्या खालच्या बाजूला, जिथे होडी ओढताना रंग घासून जातो, तिथेच तो शिरतो.

पाण्यात घालायच्या आधी दोन दिवस आत गोणपाटं पसरून ती खाडीच्या खाऱ्या पाण्यानं भिजवत राहा. विहिरीचं पाणी वापरू नका, गोड्या पाण्यानं बुरशीला आमंत्रण मिळतं. मग भरतीला उथळ जागी घाला, दोर बांधा आणि दर तासाला किती बादल्या काढल्या ते भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या दिवशी आकडा आठच्या वर गेला तरी घाबरू नका. दुसऱ्या दिवशी तो निम्म्यावर आला पाहिजे, चौथ्या दिवशी दिवसाला एखाद-दुसरी बादली. घाईनं आतून पुट्टी दाबू नका, आतून भरलेली पुट्टी बाहेरचं पाणी ढकलून काढतं. एखाददुसरा सांधा रेंगाळला तर बाहेरून त्याच्याखाली पाण्यात मूठभर बारीक भुसा सोडा. आत शिरणारं पाणीच तो ओढून फटीत बसवतं. फुगेपर्यंत तेवढा आधार पुरतो. चार-पाच दिवसांत आकडा हलला नाही तर तो सांधा नाही, खुंटी किंवा बोल्ट आहे. वरच्या चार जागा पुन्हा तपासा.

पावसाळ्यात होडी वर घ्याल तेव्हा तिला पालथी घाला किंवा नाळ उंच ठेवून तळाची बूच काढून ठेवा. वर झाप घाला. ताडपत्री घालायची तर दोन्ही टोकं उघडी, वारा खेळला पाहिजे. खाऱ्या पाण्यानं होडी कुजत नाही, आत साचलेल्या पावसाच्या पाण्यानं कुजते. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा बाहेर काढाल तेव्हा सगळे सांधे उकरून नवीन कापूस ठोकायचा उत्साह येईल. तो आवरा. सुरीच्या टोकानं पुट्टी दाबत जा. जिथे ती सुटून आली तेवढीच काढा आणि खालचा कापूस बोटानं चाचपा. कापूस घट्ट आणि कोरडा असेल तर वरून फक्त रंग पाजून पुट्टी भरा. काळा पडून ओला, मऊ लागला तर तेवढा हातभर तुकडा बदला, आणि त्याच्या आजूबाजूच्या चांगल्या सांध्याला हात लावू नका.